परिवर्तनीय टॅबलेट लॅपटॉप

परिवर्तनीय टॅबलेट लॅपटॉप हा लॅपटॉप आणि टॅबलेट अशा दोन्ही रूपांत वापरता येणारा वैयक्तिक संगणक होय. पडदा फिरवून, उलट दुमडून किंवा कळफलक वेगळा काढून या यंत्राचे रूप बदलता येते. त्याला स्पर्शपडदा असतो आणि बहुतेक प्रकारांत लेखणीने लिहिण्याची सोयही असते. महाराष्ट्रातील बाजारपेठेत हे यंत्र 'टू-इन-वन लॅपटॉप' या नावाने विकले जाते.

पाटी आणि टंकयंत्र एकाच वस्तूत मिळावे, या अपेक्षेतून या संगणकाची निर्मिती झाली. लेखणीने लिहिणे, आकृत्या काढणे आणि पुस्तकाप्रमाणे हातात धरून वाचणे हे त्याचे प्रमुख फायदे आहेत. जास्त किंमत, टॅबलेट म्हणून जाणवणारे वजन, नाजूक जोडणी आणि महागडी दुरुस्ती हे प्रमुख तोटे आहेत. लेखणीचा नियमित वापर असल्यास हे यंत्र उपयुक्त ठरते. तसा वापर नसेल, तर त्याच किमतीचा साधा लॅपटॉप बहुधा अधिक कामाचा असतो.

प्रकार

रूपबदलाच्या रचनेवरून या संगणकांचे चार प्रकार पडतात.

१. फिरत्या पडद्याचे : पडदा आणि कळफलक मध्यभागी एकाच बिजागरीने जोडलेले असतात. पडदा गोल फिरवून कळफलकावर पालथा घातला की टॅबलेट तयार होतो. २००२ नंतरच्या दशकात हा प्रकार प्रचलित होता. आता तो क्वचितच आढळतो.

२. पूर्ण दुमडणारे : दोन बिजागऱ्यांवर पडदा ३६० अंशांत मागे वळतो आणि कळफलकाच्या पाठीला जाऊन टेकतो. अर्धवट दुमडल्यास यंत्र तंबूच्या आकारात उभे करता येते. आज सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच आहे.

३. विलग होणारे : पडदा हाच संपूर्ण संगणक असतो. कळफलक चुंबकाने किंवा खाचेने जोडला जातो आणि हवा तेव्हा काढून ठेवता येतो.

४. टेकूचे : पडद्याच्या पाठीमागे उघडझाप होणारा टेकू असतो आणि पातळ कळफलक आवरणासारखा जोडला जातो. हा विलग होणाऱ्या प्रकाराचाच उपप्रकार मानता येतो.

इतिहास

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ मध्ये 'डायनाबुक' या संगणकाची कल्पना मांडली. वहीएवढ्या आकाराचा आणि मुलांना स्वतः हाताळता येईल असा संगणक त्यांना अभिप्रेत होता. तो प्रत्यक्षात आला नाही, परंतु पुढील टॅबलेट आणि लॅपटॉप या दोहोंमागील विचार त्यात दिसतो. १९८९ मध्ये ग्रिड सिस्टिम्स या कंपनीने 'ग्रिडपॅड' हा लेखणीने चालणारा संगणक बाजारात आणला. त्याच कंपनीने १९९३ च्या सुमारास कळफलक आणि लेखणी या दोहोंनी चालणारे परिवर्तनीय यंत्रही काढले.

नोव्हेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची टॅबलेट आवृत्ती प्रसिद्ध केली. एसर, तोशिबा, कॉम्पॅक आदी कंपन्यांची परिवर्तनीय यंत्रे तिच्यासह आली. ती महाग आणि जड होती. त्यांचा वापर मुख्यतः रुग्णालये, विमा सर्वेक्षण आणि मोठ्या उद्योगांपुरता मर्यादित राहिला. २०१० मध्ये आलेल्या ॲपलच्या आयपॅडने बोटाने चालणाऱ्या हलक्या टॅबलेटची सवय लोकांना लावली. ऑक्टोबर २०१२ मध्ये स्पर्शपडद्यासाठी तयार केलेली विंडोज ८ ही प्रणाली आली. त्याच वर्षी लेनोव्होचा पूर्ण दुमडणारा 'योगा' आणि मायक्रोसॉफ्टचा टेकू असलेला 'सरफेस' बाजारात आले. आजची बहुतेक परिवर्तनीय यंत्रे या दोन नमुन्यांवर आधारलेली आहेत. त्यानंतरच्या काही वर्षांत क्रोम प्रणालीवर चालणारी दुमडती यंत्रेही मिळू लागली.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात टॅबलेटचा शैक्षणिक उपयोग सार्वजनिक चर्चेत आला तो 'आकाश' प्रकल्पामुळे. या टॅबलेटचे अनावरण ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत झाले. पहिल्या आवृत्तीचा सात इंची पडदा दाबाने चालणारा होता आणि तिची स्मृती २५६ मेगाबाइट होती. संथ काम आणि अडखळता स्पर्श यांबद्दल तिच्यावर टीका झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आकाश २' या सुधारित आवृत्तीच्या कामात मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा प्रमुख सहभाग होता. स्वस्त टॅबलेटवर वाचणे आणि पाहणे शक्य असले, तरी दीर्घ लेखन किंवा संगणकीय आज्ञावली लिहिणे अवघड आहे, ही मर्यादा या प्रयोगामुळे ठळक झाली.

२०१५ च्या सुमारास कळफलकासह मिळणारी स्वस्त विंडोज यंत्रे भारतीय बाजारात आली. मायक्रोमॅक्सचा 'कॅनव्हास लॅपटॅब' आणि मुंबईस्थित आयबॉल कंपनीच्या 'स्लाइड' मालिकेतील काही यंत्रे ही त्याची उदाहरणे होत. पंधरा हजार रुपयांच्या आसपास किमतीच्या या गटातील यंत्रांत साधारणतः दोन गिगाबाइट स्मृती आणि ३२ गिगाबाइट साठवण असे. विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीकरणांसाठी एवढी साठवण पुढे अपुरी पडू लागली. विंडोज ११ साठी किमान चार गिगाबाइट स्मृती आणि ६४ गिगाबाइट साठवण आवश्यक असल्याने असे यंत्र त्या प्रणालीवर नेता येत नाही. विंडोज १० चे नियमित सुरक्षा साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. यंत्र सुस्थितीत असूनही ते निरुपयोगी कसे ठरू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे राज्यातील शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि अध्यापन दूरस्थ पद्धतीने होऊ लागले. शिक्षकांना फळ्याऐवजी पडद्यावर गणिते सोडवून दाखवावी लागली. त्यामुळे लेखणीने लिहिता येणाऱ्या यंत्रांकडे शिक्षकवर्गाचे लक्ष वळले. महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था म्हणजेच 'महाज्योती' ही नागपूर येथील शासकीय संस्था इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी टॅबलेट देते. अशा विद्यार्थ्यापुढे महाविद्यालयात गेल्यावर एक नेमका प्रश्न उभा राहतो : टॅबलेटच्या जोडीला साधा लॅपटॉप घ्यावा, की दोन्ही कामे करणारे एकच यंत्र घ्यावे?

रचना आणि कार्य

दोन्ही रूपांची कामे वेगळी असल्याने यंत्राला आपली स्थिती ओळखावी लागते. त्यासाठी त्यात गती आणि चुंबकीय क्षेत्र ओळखणारे संवेदक बसवलेले असतात. पडदा मागे वळताच कळफलक निष्क्रिय होतो, म्हणजे हाताच्या दाबाने नको ती अक्षरे उमटत नाहीत. यंत्र उभे धरले की पानही उभे होते.

पडद्यावर बोटाचा स्पर्श विद्युतधारकतेतील बदलाने ओळखला जातो. लेखणीसाठी वेगळी योजना असते. एका पद्धतीत पडद्यामागील जाळी विद्युतचुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि लेखणी त्यातूनच ऊर्जा घेते; अशा लेखणीला बॅटरी लागत नाही. वाकोम या जपानी कंपनीने ही पद्धत रूढ केली. दुसऱ्या पद्धतीत लेखणीत बॅटरी असते आणि ती स्वतः संकेत पाठवते. या संकेतांची मानके वेगवेगळी असल्यामुळे एका कंपनीची लेखणी दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर चालेलच असे नाही. लेखणी टेकलेली असताना तळहाताचा स्पर्श दुर्लक्षित करण्याची क्षमता महत्त्वाची असते. ती नसेल तर पाटीवर लिहिल्याप्रमाणे हात टेकवून लिहिता येत नाही.

बोटाने वापरायची साधी रबरी टोकाची काडी आणि दाबाची जाणीव असलेली लेखणी यांत मोठा फरक आहे. पहिली कोणत्याही स्पर्शपडद्यावर चालते. परंतु तिच्याने बारीक अक्षर काढता येत नाही. जाहिरातीत केवळ 'स्पर्शपडदा' असा उल्लेख असेल, तर त्यावरून लेखणीची सोय आहे असे समजू नये.

फायदे

लेखणीने लेखन : गणितातील समीकरणे, रसायनशास्त्रातील रचनासूत्रे, भूमितीच्या आकृत्या, विद्युतमंडले आणि नकाशे कळफलकाने काढणे वेळखाऊ असते. लेखणीने ती वहीत काढावीत तशी काढता येतात. व्याख्यात्याच्या छापील टिपणांवरच खुणा व भर घालता येते. शिक्षकाला उत्तरपत्रिकेच्या प्रतिमेवर तांबड्या शाईप्रमाणे शेरे लिहिता येतात.

वाचन : पाठ्यपुस्तकाचे पान उभे असते आणि लॅपटॉपचा पडदा आडवा. त्यामुळे साध्या लॅपटॉपवर एक पान वाचण्यासाठी ते सतत वर-खाली सरकवावे लागते. यंत्र उभे धरल्यास संपूर्ण पान एकाच वेळी दिसते. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजेच 'बालभारती' आपली पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उपलब्ध करून देते; त्यांच्या वाचनासाठी हे रूप सोयीचे आहे.

देवनागरी लेखन : भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपच्या कळांवर फक्त रोमन अक्षरे असतात. देवनागरीसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर डावीकडे आणि बहुतेक व्यंजने उजवीकडे असतात. परंतु कळांवर ती छापलेली नसल्याने नवशिक्याला आराखडा पाठ करावा लागतो. टॅबलेट रूपातील पडद्यावरच्या कळफलकावर मात्र मराठी अक्षरे प्रत्यक्ष दिसतात. हस्तलिखित ओळखून त्याचे छापील अक्षरांत रूपांतर करण्याची सोयही काही प्रणालींत आहे. २०१५ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी काढलेल्या हस्तलेखन सुविधेत देवनागरीचा समावेश होता. जोडाक्षरे, रफार आणि शिरोरेखेवरील मात्रा यांच्या ओळखीत चुका होत असल्याने तयार झालेला मजकूर वाचून दुरुस्त करावा लागतो. शाईच्या रूपात जतन केलेल्या टिपणाला ही अडचण नाही, कारण ते मूळ अक्षरातच राहते.

क्षेत्रीय काम : उभ्याने नोंदी करणे, नकाशावर खूण करणे, छायाचित्र काढून त्यावर लिहिणे आणि स्वाक्षरी घेणे ही कामे टॅबलेट रूपात सुलभ होतात. लोकसाहित्याच्या संकलनातही हा गुण कामी येतो. जळगाव तालुक्यातील आसोदा हे माहेर असलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांच्या मुखातील रचना इतरांनी लिहून घेतल्या म्हणूनच टिकल्या. अहिराणी किंवा लेवागणबोलीतील गीत ऐकताना आवाज नोंदवणे, उच्चाराच्या खुणा हाताने टिपणे आणि नंतर तोच मजकूर टंकित करणे ही तिन्ही कामे आज एकाच यंत्रावर होऊ शकतात.

जागा आणि खर्च : दोन यंत्रे, दोन चार्जर आणि दोन ठिकाणी विखुरलेली टिपणे यांऐवजी एकच संच सांभाळावा लागतो. तंबूच्या आकारात ठेवल्यास यंत्र लहान मेजावरही मावते.

तोटे

वजन : १४ इंची दुमडत्या लॅपटॉपचे वजन साधारणतः दीड किलोच्या आसपास असते, तर दहा-अकरा इंची टॅबलेट अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. टॅबलेट रूपातही कळफलकाचा भार हातातच राहतो. त्यामुळे असे यंत्र एका हाताने फार वेळ धरता येत नाही; ते मांडीवर किंवा मेजावर ठेवूनच वापरावे लागते. विलग होणारे प्रकार हलके असतात, मात्र त्यांचा बहुतेक भार पडद्यात असल्याने मांडीवर ठेवून टंकन करताना ते मागे कलंडतात.

किंमत : स्पर्शपडदा, लेखणीची जाळी, संवेदक आणि मजबूत बिजागरी यांचा खर्च किमतीत मिळवला जातो. समान किमतीच्या साध्या लॅपटॉपमध्ये अनेकदा अधिक वेगवान प्रोसेसर, अधिक स्मृती किंवा मोठा पडदा मिळतो. काही यंत्रांसोबत लेखणी, तर काहींसोबत कळफलकही वेगळा विकत घ्यावा लागतो. जाहिरातीतील किंमत आणि प्रत्यक्ष खर्च यांत त्यामुळे तफावत पडते.

टंकलेखन : पातळ यंत्रात कळांना खाली जाण्यास कमी वाव मिळतो आणि लहान पडद्याच्या यंत्रात कळाही जवळजवळ असतात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या मराठी संगणक टंकलेखन परीक्षांत मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या गतीचे टप्पे आहेत. अशा गतीचा सराव पडद्यावरील कळफलकावर होऊ शकत नाही. हिशेबाचे काम करणाऱ्यांना अंकांच्या स्वतंत्र कळांची उणीव जाणवते.

नाजूकपणा आणि दुरुस्ती : बिजागरी दिवसातून अनेकदा पूर्ण फिरते आणि तिच्यातूनच पडद्याकडे जाणाऱ्या तारा जातात. ती सैल झाली किंवा तिच्या मुळाशी आवरण तडकले, की दोन्ही रूपे बाधित होतात. काच, स्पर्शपटल आणि पडदा एकमेकांना चिकटवलेले असल्यास केवळ काच फुटली तरी संपूर्ण संच बदलावा लागतो. अनेक यंत्रांत स्मृती मूळ फलकावर डाखलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही. दुरुस्तीसुलभतेची चाचणी करणाऱ्या 'आयफिक्सिट' या संस्थेने २०१३ च्या सरफेस प्रोला दहापैकी एक गुण दिला होता. त्यानंतरच्या काही यंत्रांत साठवण आणि इतर भाग बदलता येतील अशी रचना करण्यात आली आणि त्यांचे गुण वाढले.

एकाच यंत्रावर भिस्त : टॅबलेट आणि लॅपटॉप वेगळे असल्यास एक बिघडले तरी दुसऱ्यावर काम चालते. परिवर्तनीय यंत्र दुरुस्तीला गेले, की वही आणि संगणक दोन्ही एकदमच हातातून जातात. सुटसुटीतपणा हा या यंत्राचा गुण आहे आणि हे अवलंबित्व ही त्याचीच दुसरी बाजू आहे.

प्रणालीच्या मर्यादा : विंडोजवरील अनेक उपयोजने माऊससाठी तयार झालेली असल्याने त्यांतील बारीक चिन्हे बोटाने दाबणे कठीण जाते. अँड्रॉइड व क्रोम प्रणालींवर स्पर्शाचा अनुभव चांगला असतो. परंतु अभियांत्रिकी रेखाटन, हिशेब किंवा सांख्यिकीची काही विंडोजवरील आज्ञावली तेथे चालत नाही.

नशिराबाद परिसरातील वापराची परिस्थिती

या गुणदोषांचे वजन सर्वत्र सारखे नसते. हवामान, प्रवास आणि दुरुस्तीची सोय यांनुसार ते बदलते. नशिराबाद हे जळगाव तालुक्यातील गाव याचे बोलके उदाहरण आहे. ते जळगाव आणि भुसावळ या दोन शहरांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे.

प्रवास : १९९० मध्ये स्थापन झालेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा परिसर जळगावच्या पश्चिमेस बांभोरीजवळ, गिरणा नदीच्या काठी आहे. नशिराबाद जळगावच्या पूर्वेस असल्याने तेथून विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्याला शहर ओलांडून जावे लागते. रोजच्या बस प्रवासात एकच यंत्र नेणे सोयीचे असते. मात्र गर्दीत दप्तरावर येणारा दाब पातळ पडद्याला घातक ठरू शकतो. त्यामुळे कठीण आवरण घेणे हा ऐच्छिक खर्च राहत नाही.

उष्णता : खानदेशातील उन्हाळा राज्यातील अतितीव्र उन्हाळ्यांपैकी एक आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात कमाल तापमान अनेकदा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. याउलट आयपॅडसारख्या उपकरणांसाठी उत्पादकाने सांगितलेली वापराची कमाल मर्यादा ३५ अंश आहे. पंखा नसलेली पातळ यंत्रे तापली, की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. लिथियम-आयन बॅटरी सतत उष्णतेत राहिल्यास तिची धारणशक्ती लवकर घटते. काही वेळा ती फुगते आणि पडद्याला आतून रेटते. विलग होणाऱ्या प्रकारात प्रोसेसर आणि बॅटरी पडद्यामागेच असल्याने हातात धरलेला भागच तापतो. पत्र्याच्या छपराखालील खोलीत दुपारी काम करणाऱ्यासाठी पंख्याने थंड होणारे, किंचित जाड यंत्र अधिक भरवशाचे ठरते. परीक्षांचा काळ आणि तीव्र उन्हाळा एकाच वेळी येत असल्याने हा मुद्दा विद्यार्थ्यांसाठी गौण नाही.

ऊन आणि धूळ : या यंत्रांचे पडदे बहुधा चकचकीत काचेचे असतात. शेताच्या बांधावर किंवा खुल्या अंगणात त्यांवर प्रकाश परावर्तित होतो आणि मजकूर दिसत नाही. त्यामुळे क्षेत्रीय कामाचा फायदा उन्हात बराच कमी होतो. बिजागरीच्या फटीत आणि चार्जिंगच्या छिद्रात साचणारी धूळ मऊ ब्रशने नियमित काढावी लागते.

वीज : वीजपुरवठा खंडित होत असल्यास बॅटरीचे महत्त्व वाढते. यूएसबी-सी छिद्रातून भारित होणारे यंत्र पुरेशा क्षमतेच्या पॉवर बँकेवर चालू ठेवता येते. जुन्या पद्धतीच्या गोल पिनेच्या चार्जरबाबत ही सोय सहसा नसते.

दुरुस्ती : साध्या लॅपटॉपचा कळफलक, साठवण किंवा बॅटरी बदलण्याचे काम तालुक्याच्या बाजारातील कुशल कारागीर करू शकतो. चिकटवलेला स्पर्शपडदा किंवा विशिष्ट बिजागरी यांसाठी मात्र कंपनीच्या सेवा केंद्रावर अवलंबून राहावे लागते आणि सुटा भाग बाहेरून मागवावा लागल्यास दिवस जातात. एखाद्या कुटुंबाने केळीच्या किंवा कापसाच्या हंगामातील पैशातून मुलासाठी एकदाच यंत्र घेतले असेल, तर हमीची मुदत आणि सेवा केंद्राचे अंतर या बाबी प्रोसेसरच्या वेगाहून महत्त्वाच्या ठरतात.

शिक्षणातील उपयोगाबाबत संशोधन

हाताने लिहिल्याने आकलन वाढते का, यावर मतभेद आहेत. अमेरिकी संशोधक पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅपटॉपवर टंकन करणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा हाताने टिपणे काढणाऱ्यांनी संकल्पनात्मक प्रश्नांची उत्तरे अधिक चांगली दिली होती. टंकन करणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवतात, तर हाताने लिहिणाऱ्याला ते संक्षेपात आणावे लागते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्तपासणीच्या अभ्यासांत हा फरक तितक्या स्पष्टपणे आढळला नाही. त्यामुळे लेखणीचे यंत्र घेतल्याने गुण वाढतात, असा निष्कर्ष काढता येत नाही.

महाराष्ट्रातील दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा कागदावर हाताने लिहून द्याव्या लागतात. टिपणे टंकित करण्यापेक्षा लेखणीने लिहिल्यास हस्तलेखनाची सवय काही अंशी टिकते. परंतु गुळगुळीत काचेवरील लेखन आणि कागदावरील लेखन यांत घर्षणाचा फरक राहतो. तीन तास सलग लिहिण्याच्या सरावासाठी कागदाला पर्याय नाही.

निवडीचे निकष

यंत्र निवडताना पुढील बाबी पाहिल्या जातात :

• लेखणीची गरज आठवड्यातून किती वेळा पडते. गणित, विज्ञान, वास्तुकला, चित्रकला आणि अध्यापन या क्षेत्रांत ती अधिक असते. वाणिज्य, टंकलेखन आणि आज्ञावली-लेखनात कमी.
• लेखणी संचात समाविष्ट आहे का, आणि हरवल्यास ती स्वतंत्रपणे मिळते का.
• स्मृती किमान आठ गिगाबाइट आणि साठवण पुरेशी आहे का. स्मृती वाढवता येत नसल्यास सुरुवातीलाच अधिक घेणे इष्ट ठरते.
• प्रणालीला सुरक्षा साहाय्य किती वर्षे मिळणार आहे.
• अभ्यासक्रमाला लागणारी आज्ञावली त्या प्रणालीवर चालते का.
• अपघाती नुकसानीचा हमीत समावेश आहे का आणि जवळचे सेवा केंद्र कोठे आहे.
• पडदा दहा-बारा वेळा पूर्ण फिरवून पाहिल्यास बिजागरी डळमळते का, आणि लिहिताना तळहात टेकल्यावर नको त्या रेघा उमटतात का. या दोन गोष्टी दुकानातच तपासता येतात.

पर्याय

परिवर्तनीय यंत्राला तीन प्रमुख पर्याय आहेत. पहिला म्हणजे साधा लॅपटॉप आणि त्याला यूएसबीने जोडायची लेखनपाटी. तिच्यावर पडदा नसतो. हात पाटीवर आणि नजर लॅपटॉपवर ठेवावी लागते, याची सवय होण्यास काही दिवस जातात. मात्र ती काही हजार रुपयांत मिळते आणि बिघडली तरी लॅपटॉप सुरक्षित राहतो. साथीच्या काळात अनेक शिक्षकांनी हा मार्ग स्वीकारला. दुसरा पर्याय म्हणजे साध्या लॅपटॉपच्या जोडीला मध्यम किमतीचा टॅबलेट. शासकीय योजनेतून टॅबलेट आधीच मिळालेल्या विद्यार्थ्याला हा पर्याय बहुधा सर्वांत स्वस्त पडतो. तिसरा पर्याय कागदी वहीचा आहे : टिपणे वहीत काढून मोबाइलने त्यांची प्रतिमा घ्यायची आणि ती लॅपटॉपवर जतन करायची. यात शोधण्याची सोय कमी असली, तरी खर्च जवळजवळ नसतो.

निगा आणि विल्हेवाट

यंत्र बंद मोटारीत किंवा उन्हात ठेवू नये. टॅबलेट रूपात ते उशीवर किंवा गादीवर ठेवल्यास हवेची छिद्रे झाकली जातात. पडदा एका कोपऱ्याला धरून न उघडता मध्यभागी धरून उघडल्यास बिजागरीवर समान ताण येतो. बॅटरी फुगल्याचे दिसताच यंत्र बंद करून जाणकाराकडे द्यावे. ती टोचणे किंवा दाबणे आगीस कारण ठरू शकते. एकाच यंत्रावर सर्व अभ्यास असल्याने टिपणांची प्रत दुसऱ्या ठिकाणी नियमित ठेवणे आवश्यक असते.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी संकेतस्थळ सुरू केले. त्यावर विविध कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देण्याचा उद्देश आहे. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून त्यांनुसार जुन्या उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. निकामी यंत्र घरगुती कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलकाकडे देणे अपेक्षित आहे.